होपी आणि प्वेब्लो लोकांची रंगवलेली मडकी: पाहायची कशी, घ्यायची कशी, सांभाळायची कशी

ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, एल टोवार हॉटेलाशेजारी, माळवदाची एक लालसर दगडी इमारत आहे. तिचं नाव होपी हाऊस. मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी १९०५ साली ती ओराइबी या होपी गावातल्या घरांच्या धर्तीवर आखली, आणि बांधकामावर होपी कारागीरच होते. त्याच वर्षी हानो गावच्या नाम्पेयो नावाच्या कुंभारीण घरच्यांना घेऊन इथे राहायला आल्या आणि कॅन्यन पाहायला आलेल्या प्रवाशांसमोर मडकी घडवत बसल्या. आज तिथे दुकान आहे. अमेरिकेतल्या मुलांकडे आलेले आईबाबा त्या दुकानात शिरतात, काचेमागचं ओंजळीएवढं भांडं पाहतात, किमतीची चिठ्ठी वाचतात आणि विचारतात, "मातीचंच आहे ना हे?"

मातीचंच आहे. ती किंमत कुठून येते हे समजून घ्यायचं असेल, तर मडकं ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने ते पाहायला शिकावं लागतं: आधी माती, मग घडण, मग घोटाई, मग रंग आणि शेवटी आग. बहुतेकजण थेट नक्षीवर जातात आणि तिथेच फसतात. हा लेख ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोला फिरायला येणाऱ्यांसाठी, तिथेच राहणाऱ्यांसाठी, आणि पहिलं मडकं विकत घ्यायचं मनात असलेल्या कुणासाठीही आहे.

पायरी १: कोण कुठले, हे आधी समजून घ्या

प्वेब्लो हे एका जमातीचं नाव नाही. गावं करून राहणाऱ्या, मका पिकवणाऱ्या अनेक लोकांना स्पॅनिश लोकांनी दिलेलं ते एकत्रित नाव आहे. न्यू मेक्सिकोत आज अशी १९ प्वेब्लो आहेत. बरीचशी रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, तर ॲकोमा, लगुना, झुनी अशी काही पश्चिमेकडे. त्यांच्याही पश्चिमेला, ईशान्य ॲरिझोनात, होपी राहतात. या सगळ्यांच्या भाषा एक नाहीत. तेवा बोलणाऱ्याला होपी कळत नाही, झुनी भाषेचं तर शेजारच्या कुठल्याच भाषेशी नातं सापडलेलं नाही. म्हणून 'रेड इंडियन मडकं' असं म्हणून काहीच कळत नाही. पहिला प्रश्न नेहमी 'कुठल्या गावचं?' हाच असायला हवा.

होपींची गावं तीन मेसांवर, म्हणजे सपाट माथ्याच्या उभ्या कड्यांवर आणि त्यांच्या पायथ्याशी वसलेली आहेत. पूर्वेकडून फर्स्ट मेसा, सेकंड मेसा, थर्ड मेसा अशी नावं पडली आहेत. कामंही मेसागणिक वाटलेली दिसतात. सेकंड मेसावर वेटोळ्यांच्या टोपल्या, थर्ड मेसावर काटक्यांच्या विणीच्या टोपल्या आणि रंगवलेली मडकी प्रामुख्याने फर्स्ट मेसावर. फर्स्ट मेसाच्या माथ्यावर वाल्पी, सिचोमोवी आणि हानो ही तीन गावं एकमेकांना लागून आहेत आणि पायथ्याशी पोलाका आहे.

यातलं हानो वेगळं आहे. १६८० मध्ये प्वेब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध मोठा उठाव केला. स्पॅनिश परत आल्यावर, त्या शतकाच्या अखेरीस, रिओ ग्रांदेच्या बाजूचे काही तेवा लोक इकडे आले आणि होपींच्या शेजारी स्थायिक झाले. त्यांचे वंशज ते होपी-तेवा. तीनशे वर्षं उलटली तरी त्यांची भाषा टिकून आहे. 'होपी मडकी' म्हणून जगभर गाजलेली बरीचशी मडकी खरं तर होपी-तेवा हातांची आहेत, नाम्पेयोसुद्धा त्यांतल्याच. विकणाऱ्याने हा फरक आपणहून सांगितला, तर तो माणूस जाणकार आहे असं खुशाल समजा.

पायरी २: चार-पाच घराण्यांचे चेहरे ओळखीचे करून घ्या

सगळं पाठ करायची गरज नाही. पण दुकानात फळीवर दहा भांडी एकत्र मांडलेली असतात, तेव्हा एवढं माहीत असलं की डोळा स्थिरावतो.

होपी मडक्याचं अंग मधाळ पिवळं, मध्येच केशरी, कुठे फिकट साय चढल्यासारखं. त्यावर काळा आणि तांबडा रंग. ॲकोमाचं मडकं पांढरंशुभ्र, त्यावर काळ्या बारीक रेघांचं जाळं, कधी केशरी पोपट, आणि हातात घेतलं की दचकावं इतकं पातळ. ॲकोमा हे ॲल्बकर्कीच्या पश्चिमेला साधारण ६० मैलांवर, सुमारे ३६७ फूट उंच मेसाच्या माथ्यावर वसलेलं गाव आहे. लूसी लुईस आणि मेरी चिनो या तिथल्या दोघींनी विसाव्या शतकात जुन्या खापरांवरच्या बारीक रेघा पुन्हा चलनात आणल्या. झुनी मडक्यावर हरीण असेल, तर त्याच्या तोंडातून काळजापर्यंत जाणारी बाणासारखी रेघ शोधा. झियाच्या मडक्यावर मोठ्या डोळ्याचा पक्षी आणि इंद्रधनुष्यासारखा दुहेरी पट्टा असतो. तिथल्या मातीत काळ्या बेसॉल्ट दगडाचा भुगा मिसळतात, त्यामुळे ही भांडी टणक होतात. कोचितीला मडक्यांपेक्षा मातीच्या आकृत्या अधिक. अंगाखांद्यावर पोरं खेळवत गोष्ट सांगणारी बाहुली हेलन कोर्देरो यांनी १९६४ मध्ये पहिल्यांदा केली ती इथलीच.

काळीकुळकुळीत, आरशासारखी चकाकणारी मडकी सान इल्देफॉन्सो आणि सांता क्लारा या गावांची. मरिया आणि हुलियान मार्तिनेझ या जोडप्याने १९१९ च्या सुमारास चकाकत्या काळ्यावर निस्तेज काळ्याची नक्षी साधली आणि सान इल्देफॉन्सोचं नाव जगभर गेलं. सांता क्लाराच्या मार्गारेट तफोया यांच्या मोठ्या रांजणांवर अस्वलाच्या पंजाचा ठसा असे. ही मडकी अप्रतिम आहेत, पण त्यांचं तंत्र वेगळं आहे आणि ती एका वेगळ्या लेखाचा विषय आहेत. माझा सल्ला असा की, नवख्याने सुरुवात रंगवलेल्या होपी मडक्यापासून करावी. त्यात माती, हात आणि आग या तिन्हींच्या खुणा उघड्या डोळ्यांना दिसतात.

एक सावधगिरी: मेक्सिकोतल्या चिवावा प्रांतातल्या माता ओर्तिझ गावची सुबक, पातळ, रंगवलेली मडकी याच दुकानांत शेजारी ठेवलेली असतात. हुआन केसादा यांनी तिथल्या प्राचीन खापरांवरून ही कला उभी केली. काम उत्तम आहे, पण ते प्वेब्लो नव्हे.

पायरी ३: मडकं घडतं कसं ते समजून घ्या, आणि प्रत्येक टप्प्याची खूण शोधा

इथे घाई करू नका. हा टप्पा नीट कळला तर बाकीचं आपोआप सोपं होतं.

माती विकतची नसते. मेसाच्या आसपासच्या थरांतून ती खणून आणतात, आणि कुठल्या जागची हे घराघराला ठाऊक असतं. माती भिजवायची, खडे-मुळं काढायची, गाळायची, पुन्हा सुकवायची, मग मळायची. होपींची ही माती कच्ची असताना करडी दिसते. पिवळा-केशरी रंग आगीतून येतो, कारण तिच्यातलं लोह तापल्यावर आणि हवा मिळाल्यावर रंग बदलतं. ॲकोमाला मातीत जुन्या फुटक्या मडक्यांची खापरं दळून घालतात. भाजताना भांडं तडकू नये म्हणून हा मिसळा.

कुंभाराचं चाक इथे नाही, कधीच नव्हतं. बुडाला आधार म्हणून एक उथळ परळ घेतात, त्यात मातीची थापी बसवतात आणि वर मातीच्या वळ्या एकावर एक रचत जातात. वळ्यांचे सांधे बोटांनी दाबून, मग भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने खरवडून भिंत एकसारखी करतात. खूण: मालकिणीची परवानगी घेऊन आत बोट फिरवा. तोंड निमुळतं असेल तर आतल्या बाजूला खरवडल्याच्या लाटा, बोटांचे हलके खळगे लागतात. तोंड वरून पाहिलं तर ते परकाराने काढल्यासारखं गोल क्वचितच असतं. साच्यात ओतलेल्या भांड्याचं आतलं अंग मात्र काचेसारखं गुळगुळीत, भिंतीची जाडी सगळीकडे तंतोतंत सारखी आणि कधी बाहेरून सांध्याची पुसट उभी रेघ दिसते.

सुकल्यावर वाळूच्या दगडाने घासतात आणि मग घोटतात. घोटायचा गोटा नदीच्या पाण्याने गुळगुळीत झालेला असतो, आणि असे गोटे आईकडून लेकीकडे, आजीकडून नातीकडे जातात. बऱ्याच होपी मडक्यांवर वेगळ्या रंगाचा लेप नसतोच. तीच माती किंचित ओलावून गोट्याने इतकी घोटतात की ती स्वतःच चमकते. या चमकेवर लुक, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांवर असतो तसा काचेचा लेप नाही, आणि तो नसणंच बरोबर आहे. खूण: मडकं खिडकीकडे तिरपं धरा. तिरप्या उजेडात गोटा फिरल्याचे लांबट, बारीक पट्टे दिसतात. ते दिसले की हाताने घोटल्याची खात्री पटते.

आता रंग. काळ्यासाठी एक रानटी फुलझाड लागतं, आपल्याकडच्या तिळवणीच्या कुळातलं. वसंतात त्याची कोवळी झाडं गोळा करून तासन् तास उकळतात, काढा दाट झाला की त्याच्या वड्या वाळवून ठेवतात. रंगवायच्या दिवशी ती वडी आणि लोहाचा काळसर दगड सपाट पाट्यावर पाण्याबरोबर उगाळतात. झाडाचा अर्क दगडाची पूड मडक्याला धरून ठेवतो. तांबड्यासाठी लोहाची पिवळी काव वापरतात. रंगवताना ती पिवळी असते आणि आगीतून तांबडी होऊन निघते. म्हणजे रंगवणारी बाई जे रंग पाहत असते ते शेवटी राहणारे रंग नसतात, ती आगीनंतरचं मडकं मनात धरून रंगवत असते.

कुंचला युक्काच्या पानाचा. युक्का घायपातीच्या कुळातला, पातीदार आणि टोकदार. पानाची बारीक चोई काढून तिचं टोक दातांनी चावतात. गर निघून जातो, तंतू मोकळे होतात. लांब सरळ रेघ हवी तर टोकाने गिरवत नाहीत, तंतूंची सगळी लांबी मडक्यावर टेकवून ओढतात. मांडीवर मडकं, एका हाताने ते फिरवायचं, दुसऱ्याने रेघ. खूण: भिंग असेल तर काढा, नसेल तर फोनचा कॅमेरा वापरा, अर्थात विचारून. जवळून पाहिलं की रेघेची कड किंचित थरथरलेली दिसते, जिथे दोन रेघा भेटतात तिथे रंग दुहेरी बसून गडद होतो, आणि भरीव तांबड्यात कुंचल्याच्या फिरण्याची दिशा कळते. छापलेल्या नक्षीत किंवा स्टिकरवरून उतरवलेल्या चित्रात यातलं काहीच नसतं.

शेवटची आग. भट्टी नाही, उघड्यावरचा आवा. वारा पडलेला असतो अशी सकाळ निवडतात. मडकी आधी कोमट करून घेतात, मग दगडांवर किंवा जाळीवर पालथी मांडतात, त्यांच्यावर फुटक्या मडक्यांची मोठी खापरं झाकतात आणि भोवती मेंढ्यांच्या लेंड्यांच्या जाड ढलप्या रचतात. वाड्यात मेंढ्यांच्या पायांखाली तुडवून घट्ट झालेल्या थराच्या या ढलप्या असतात. काही तासांत सगळं जळून निवतं. मातीत दमट कण राहिला असेल, मध्येच वारा सुटला असेल, एखादं खापर सरकलं असेल, तर महिन्याचं काम तडकतं.

मेंढ्या स्पॅनिश लोकांनी आणल्या. त्याआधी, चौदाव्या शतकापासून पुढे काही शतकं, होपींचे पूर्वज जवळच्याच ब्लॅक मेसातला दगडी कोळसा खणून त्यावर मडकी भाजत. कोळशाची आच जास्त, म्हणून त्या काळची पिवळी मडकी फार कणखर. स्पॅनिश लोक या भागात येण्याआधीच इथे कोळशाच्या आचेवर इतकी नाजूक कामं होत होती, ही गोष्ट अजून कितीतरी लोकांना माहीत नाही.

खूण: भाकरी चुलीच्या निखाऱ्यांना लावली की तिच्यावर जसे कमी-जास्त पोळल्याचे ठिपके उठतात, तसे उघड्या आव्यातल्या मडक्यावर पिवळ्यातून केशरीत, केशरीतून तपकिरीत विरघळणारे डाग असतात. एखादा धुराचा काळपट ढगही असतो. नवखे हा दोष समजून भाव पाडायला बघतात. तसं करू नका. विजेच्या भट्टीत भाजलेल्या मडक्याचा रंग सगळीकडे एकसारखा सपाट असतो, आणि जाणकार नेमक्या या उमटलेल्या ढगांसाठी जास्त पैसे मोजतात.

पायरी ४: आता नक्षी पाहा

फर्स्ट मेसाच्या पायथ्याजवळ सिक्याट्की नावाच्या गावाचे अवशेष आहेत. साधारण चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथे आणि आसपासच्या गावांत जी मडकी झाली, त्यांची नक्षी आजच्या होपी मडक्यांची मूळ आहे. वाकलेली चोच, पंखांची उतरंड, सर्पिल वळणं, पिसं, मध्येच बारीक शिंतोड्यांनी भरलेली जागा. १८९५ मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी तिथे उत्खनन केलं आणि नाम्पेयो यांचे पती लेसो मजूर म्हणून त्या कामावर होते. तेव्हापासून एक गोष्ट सांगितली जाते की, उत्खननातली मडकी पाहून नाम्पेयो ही कला शिकल्या. ती गोष्ट अपुरी आहे. उत्खननाच्या आधीपासूनच त्या जुन्या खापरांवरून काम करत होत्या, आणि कीम्स कॅन्यनचे व्यापारी थॉमस कीम जुन्या नक्षीच्या भांड्यांना गिऱ्हाईक मिळवून देत होते. उत्खननाने त्यांच्यासमोर आणखी नमुने आले, इतकंच. त्यांनी नक्कल केली नाही, त्या नक्षीचं व्याकरण आत्मसात करून त्यात स्वतःची वाक्यं लिहिली. पुढे दृष्टी गेली तेव्हाही त्या हाताच्या अंदाजाने मडकी घडवत राहिल्या आणि लेकी रंगवत राहिल्या. १९४२ मध्ये त्या गेल्या. पणती डेक्स्ट्रा क्वोट्स्कुयवा यांच्यापर्यंत आणि त्यापुढेही घराण्यात हे काम चालू राहिलं.

पाहताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सिक्याट्की घाटाचं मडकं बसकं असतं, खांदा रुंद आणि जवळजवळ सपाट. सगळी नक्षी त्या खांद्यावर असते, म्हणून ते वरून पाहायचं असतं. समोरून फोटो काढला तर निम्मं मडकं गेलं. वरून पाहिलं की पक्ष्याची शेपटी, पंख आणि मोकळी सोडलेली पिवळी जागा एकमेकांभोवती फिरताना दिसतात. दोन, गळ्याभोवती नक्षीची कड बांधणारी काळी रेघ नखाच्या टोकाने मागून जा. जुन्या मडक्यांत ती पूर्ण वर्तुळ होत नाही. एका ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढी फट मुद्दाम सोडलेली असते. आजच्या काही कुंभारणी ती सोडतात, काही नाही, म्हणून फट नाही यावरून मडकं खोटं ठरवू नका. असेल तर मात्र ती शोधून काढण्यात मोठा आनंद आहे.

चिन्हांच्या अर्थाबाबत माझं मत स्पष्ट आहे. पाऊस, ढग, पिसं, स्थलांतर हे विषय खरे आहेत. पंखांच्या बारीक रेघांची एक प्रसिद्ध रचना 'मायग्रेशन' याच नावाने ओळखली जाते. पण प्रत्येक त्रिकोणाला एकेक अर्थ चिकटवून छापील पत्रक देणाऱ्या दुकानदारावर विसंबू नका. एकच आकृती दोन घरांत दोन गोष्टी सांगते, आणि काही गोष्टी बाहेरच्यांसाठी नसतात. घडवणारीने जितकं सांगितलं तितकं ऐकायचं. ती गप्प राहिली तर पुन्हा विचारायचं नाही.

पायरी ५: आधी संग्रहालय, मग गाव

विकत घेण्याआधी चांगली मडकी डोळ्यांखालून जाऊ द्या. फिनिक्सचं हर्ड म्युझियम, फ्लॅगस्टाफचं म्युझियम ऑफ नॉर्दर्न ॲरिझोना आणि ॲल्बकर्कीचं इंडियन प्वेब्लो कल्चरल सेंटर ही तीन ठिकाणं नवख्यांना पुरेशी आहेत. फिनिक्समध्ये पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. हर्डमध्ये मार्चमध्ये भरणारा बाजार त्यांनी तरी चुकवू नये, कारण तिथे कलाकार स्वतः बसलेले असतात. सांता फेमध्ये ऑगस्टात इंडियन मार्केट भरतं, त्याची सुरुवात १९२२ मधली. एरवीही सांता फेच्या पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या ओसरीत रोज मूळनिवासी कारागीर आपला माल मांडून बसतात, आणि तिथे कुणी बसायचं आणि काय विकायचं याचे नियम कडक आहेत.

होपी गावांत जायचं असेल तर ॲरिझोना २६४ हा रस्ता तिन्ही मेसांना जोडतो. ग्रँड कॅन्यनहून ट्यूबा सिटीमार्गे सेकंड मेसा अडीच-तीन तासांवर, तिथून पोलाका आणखी वीस-पंचवीस मिनिटं. घड्याळाकडे लक्ष द्या. होपी प्रदेशाच्या चहूबाजूंनी नावाहो प्रदेश आहे. उन्हाळ्यात नावाहो घड्याळं तासभर पुढे करतात, होपी आणि उरलेलं ॲरिझोना करत नाही. ट्यूबा सिटीत एक वेळ आणि रस्त्यापलीकडच्या मोएन्कोपीत दुसरी. फोन मध्येच तास बदलतो आणि ठरवलेली भेट चुकते.

गावात वागायचे नियम पाळायचेच:

- फोटो, व्हिडिओ, आवाज मुद्रित करणं, चित्र काढणं, सगळ्याला मनाई आहे. फोन खिशातच ठेवा. मडक्याचा जवळून फोटो घ्यायचा असेल तर तो घरात, विचारून आणि फक्त मडक्याचा.
- दारू बरोबर नेऊ नका, होपी प्रदेशात बंदी आहे.
- विधी चालू असताना काही गावं बाहेरच्यांना बंद असतात. पाटी दिसली की मागे वळा.
- वाल्पी हे माथ्यावरचं जुनं गाव, तिथे स्थानिक मार्गदर्शकाशिवाय फिरायचं नाही. निघण्यापूर्वी फोन करून फेरी चालू आहे का ते विचारा.
- जमिनीवर रंगीत खापर दिसलं तर उचलू नका. आदिवासी आणि सरकारी जमिनीवरच्या पुरातन वस्तू उचलणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते खापर तिथल्या माणसांच्या पूर्वजांचं आहे.

पोलाकात आणि माथ्यावर घरांच्या खिडक्यांत मडकी विकायला असल्याच्या हाताने लिहिलेल्या पाट्या दिसतात. दार वाजवा, थांबा. आत बोलावलं तर बसा. स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन-तीन मडकी मांडली जातील, कदाचित बाजूला एखादं अर्धवट रंगवलेलं. गडबड करू नका.

पायरी ६: विचारा आणि मग घ्या

चार प्रश्न पुरतात. तुम्ही स्वतः घडवलंत का? वळ्यांनी की साच्यातलं? माती इथलीच का? बाहेर भाजलंत की भट्टीत? हे प्रश्न उद्धट नाहीत. ज्या बाईने महिनाभर खपून काम केलंय तिला हे विचारलेलं आवडतं. न्यू मेक्सिकोत, विशेषतः ॲकोमाच्या बाजूला, साच्यातली पांढरी तयार भांडी विकत आणून ती हाताने रंगवणंही चालतं. रंगवणारा तिथलाच असतो, म्हणून ते बेकायदा नाही, पण ते तसं सांगून आणि त्या किमतीत विकलं गेलं पाहिजे. मी स्वतः तसलं घेणार नाही. मडक्याचा पाऊण जीव घडणीत आणि आगीत असतो.

मग मडकं उचला. दोन्ही हातांनी, बुडाखालून. कड धरून कधीही नाही. त्याआधी अंगठ्या काढून ठेवा, घोटलेल्या अंगावर ओरखडा उठला की तो कायमचा. परवानगी घेऊन बोटाच्या पेराने हळूच टिचकी मारा. बारीक खणखणीत नाद आला तर अंग साबूत आहे, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे. आपल्याकडे माठ घेताना करतो तेच.

बुडावर सही पाहा. होपी कुंभारणींच्या खुणा सुंदर असतात. पाक्वा नाहा यांची खूण बेडूक, आणि त्यांच्या लेक जॉय नवासी यांचीही बेडूकच. आईच्या बेडकाची बोटं सरळ, लेकीच्या बेडकाची पडद्याची. हेलन नाहा यांचं पीस. अनेकजणी कुळाची खूण म्हणून मक्याचं कणीस काढतात. नाम्पेयो स्वतः सही करत नसत. त्यांच्या नावाची सही असलेली जुनी मडकी सहसा घरच्या कुणीतरी सही केलेली असतात. त्यामुळे कुणी 'खुद्द नाम्पेयोंची सही' म्हणून मोठी रक्कम मागू लागला, तर तिथून उठा. त्यांच्याच घराण्यातल्या पुढच्या पिढ्या नाम्पेयो हे नाव लावतात, ते खरं आणि रास्त आहे, फक्त कुठल्या नाम्पेयो ते नीट विचारा.

किंमत. घासाघीस करू नका. एका माणसाचं महिनाभराचं काम, त्यातलं किती आगीत गेलं ते तुम्हाला दिसतही नाही. परवडत नसेल तर लहान घ्या. तळहातात मावणारी वाटीसुद्धा त्याच मातीची, त्याच आगीतून गेलेली असते, आणि नामवंत घराण्यातल्या मोठ्या मडक्याला हजारो डॉलर पडतात तिथे ती पहिल्या खरेदीला परवडते. निघताना आभार माना. होपीत बायका 'अस्क्वली' म्हणतात, पुरुष 'क्वाक्वाय'.

दुकानातून घेत असाल तर पावतीवर कलाकाराचं पूर्ण नाव आणि प्वेब्लोचं नाव लिहून मागा. १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्टखाली खोटं 'इंडियन मेड' म्हणून विकणं गुन्हा आहे. एका व्यक्तीला पहिल्याच गुन्ह्यात अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खरा व्यापारी नाव लिहायला कचरत नाही. 'जुनं, जमिनीत सापडलेलं' असं सांगून कुणी देत असेल तर हात लावू नका. अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावरही २०२२ च्या डिसेंबरात कायदा झाला आहे. नवं मडकं घ्या, जिवंत कलाकाराला पैसे द्या.

पायरी ७: घरी आणा आणि सांभाळा

भारतात आणत असाल तर हातातल्या सामानातच. आधी मऊ, आम्लविरहित कागदात गुंडाळा. बुडबुड्यांचं प्लास्टिक थेट अंगाला लावू नका, घोटलेल्या पृष्ठावर त्याचे ठसे उमटतात. पोटात कागद हलका भरा, दाबून नाही. मग खोक्यात खोका. विमानतळावर तपासणीला उघडायला सांगतील हे धरून चाला.

घरात सगळ्यात मोठा शत्रू पाणी. ही मडकी कमी आचेवर भाजलेली, लुक न दिलेली असतात. त्यात पाणी, फुलं, कुंडी, काहीही नाही. ओल्या फडक्याने पुसणंही नाही, पुसलं तर चमक जाते आणि कधी रंगही. मऊ सुक्या कुंचल्याने धूळ झटका. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात खिडकीजवळ, बाहेरच्या भिंतीला टेकून किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका. ओल मातीत शिरते, आतले क्षार वर येतात आणि पापुद्रे सुटतात. चमकावं म्हणून तेल, मेण, वॉर्निश काहीही लावू नका. बुडावर किमतीचं स्टिकर असेल तर ते घाईत ओढू नका, त्याबरोबर सही निघून येते.

उंच फळीवर ठेवू नका. बसक्या खांद्याचं मडकं छातीच्या खाली, वरून दिसेल असं ठेवा. फुटलंच, तर सगळे तुकडे, चुराही, एका डब्यात जमवा आणि संग्रहालयात जतनाचं काम करणाऱ्याला दाखवा. घरातला झटपट चिकटणारा गोंद लावला की पुढे कुणालाच नीट जोडता येत नाही.

आणि खरेदी केली त्याच दिवशी एक चिठ्ठी लिहा: कलाकाराचं नाव, गाव, कूळ सांगितलं असेल तर तेही, तारीख, किंमत, नक्षीबद्दल त्यांनी स्वतः जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत. पेन्सिलने लिहा, शाई दमटपणात फुटते. ती चिठ्ठी मडक्याच्या पोटात ठेवा आणि तिचा फोटो फोनमध्ये, पावतीच्या फोटोशेजारी.